खिशातले दप्तर आणि रिचार्जचा खर्च

पूर्वी शेतकऱ्याच्या घरातील महत्त्वाचे कागद पत्र्याच्या पेटीत असत. आज त्यांपैकी पुष्कळसे कागद फोनमध्ये असतात, आणि तो फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. पाटाच्या पाण्यात वाकताना तो केव्हा पडेल याचा नेम नसतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला ॲप उतरवून दिले म्हणजे आपले काम झाले असे मानू नये. फोन बिघडल्यावर काय उरेल, हेही त्याला दाखविणे अगत्याचे आहे.

सर्वच गोष्टींची चिंता करण्याचे कारण नाही. सातबारा शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा मिळतो. २०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची नोंदही, एकदा पाठविली गेल्यावर, फोनवर अवलंबून राहत नाही. फोनबरोबर बुडते ते शेतकऱ्याचे स्वतःचे: न उगवलेल्या बियाण्याच्या पिशवीचे व लेबलाचे छायाचित्र, गारपिटीनंतरच्या शेताची चित्रे, मजुरांचा हिशेब, व्यापाऱ्यांचे क्रमांक. बियाण्याची तक्रार करावयाची झाल्यास पावती लागते. (मूळ पावतीही जपलीच पाहिजे, छायाचित्र तिची जागा घेत नाही.) कोणताही शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही, मग वर्षाची कमाई सांगणाऱ्या नोंदी एकाच यंत्रात का असाव्यात?

उपाय साधा आहे. नवा क्रमांक साठविताना तो सिमकार्डावर किंवा नुसत्या फोनमध्ये न ठेवता गूगल खात्यात ठेवावा. छायाचित्रांचा बॅकअपही त्याच खात्यात चालू करावा. खरी अडचण निराळीच आहे. हे खाते पुष्कळदा फोन विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेले असते, पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो, आणि पुढच्या फोनवर पुन्हा नवे खाते निघते. अशाने जुन्या खात्यातील नोंदी सुरक्षित असूनही हाती लागत नाहीत. खाते एकच ठेवावे, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ती वही पेटीत ठेवावी आणि खाते परत मिळविण्यासाठी घरातील दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक त्यास जोडावा.

गूगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. परंतु ईमेल, छायाचित्रे आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप यांना मिळून ती एकच असते. रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांनी ती भरली, तर शेताच्या चित्रांना जागा राहत नाही. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ येथे जाऊन चित्रे व चलच्चित्रे आपोआप उतरणे बंद करावे. यात जागाही वाचते आणि रोजचा डेटाही. बॅकअप वायफाय असेल तेथेच घेण्याची तजवीज करावी.

रिचार्जच्या बाबतीत शेतकरी नुसती किंमत पाहतो, दिवस मोजीत नाही. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १३ वेळा करावा लागतो. किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा व मगच निवड करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमानुसार केवळ बोलणे व संदेश यांसाठीचा, डेटा नसलेला रिचार्जही कंपन्यांनी ठेवावयाचा आहे, आणि अशा खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरातील वृद्ध आईच्या साध्या फोनासाठी डेटाचे पैसे भरण्याचे काहीच प्रयोजन नाही. दुकानदार आपण होऊन हा रिचार्ज सुचवीलच असे नाही. तो मागून घ्यावा.

मात्र काटकसर म्हणून बंद करावयाचे सिम कोणते, हे आधी पाहिले पाहिजे. आधार व बँक यांना जोडलेला क्रमांक बंद पडला तर ओटीपी येत नाही, आणि दीर्घकाळ बंद राहिलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. दोन सिम असणाऱ्यांनी बँकेत व आधार केंद्रावर कोणता क्रमांक नोंदला आहे याची खात्री करून घ्यावी, आणि मगच दुसऱ्याचा रिचार्ज थांबवावा.