मैत्रिणीचा पत्ता



हिंसाचार, मालमत्तेतला हक्क, कामाच्या ठिकाणचा छळ या प्रश्नांवर आपण या पानावर नेहमी लिहितो. यावेळचा विषय वरवर पाहता हलका वाटेल. कॉलेजात एका बाकावर बसलेल्या मैत्रिणींचं पुढे काय होतं, हा तो विषय. चाळिशीच्या आसपास आलेल्या बाईच्या आयुष्यात तिच्या वर्गातली कोण उरते? आणि कुणीच उरत नसेल, तर तो तिचा वैयक्तिक प्रश्न म्हणून सोडून द्यायचा का?

पुरुषाची कॉलेजची मैत्री लग्नाने तुटत नाही. गाव तेच, आडनाव तेच, नाक्यावरची चहाची टपरीही तीच. नोकरीसाठी परगावी गेला तरी दिवाळीला तो आपल्याच घरी येतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर जायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बाईचं मात्र एका दिवसात गाव बदलतं, आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. कितीतरी घरांत अजूनही ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून तिचं स्वतःचं नावही पुसलं जातं. कॉलेजच्या रजिस्टरात जी मुलगी आहे, ती मग शोधायची कुठे?

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. आहे ती रूढी, आणि सरकारी कागद तिला हातभार लावतात. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं. त्याचं स्वागतच आहे. पण विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावायची जुनी पद्धत त्याच निर्णयाने चालू ठेवली. मुलाला आई मिळाली, बाईला तिचं स्वतःचं नाव मिळालं नाही.

नावाइतकाच वेळेचा प्रश्न आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. हे काम करणाऱ्या पुरुषाची जातात ९७. शिवाय मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं बघणं वेगळं. आणि जायची मुभा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जाता येतं असं सांगणाऱ्या बाया ४२ टक्के होत्या. स्वतः वापरते असा मोबाइल असणाऱ्या ५४ टक्के. 'लग्न झालं की बायका मैत्रिणींना विसरतात' असं सहज म्हटलं जातं. विसरतात कशा? त्यांच्या आठवणीला वेळ, पैसे, फोन आणि मोकळीक यांतलं काहीच दिलं जात नाही.

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला आम्ही एक प्रश्न मुद्दाम विचारतो, 'माहेर आणि सासर सोडून तुझं कोण?' बहुतेकजणी गप्प होतात. मग कुणी शेजारणीचं नाव घेते, कुणी म्हणते, 'कॉलेजात होती एक. आता कुठे असते कोण जाणे.' समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्ही 'आधारव्यवस्था' हा शब्द शिकलो. इथे तो हाडामांसाचा होतो. माहेर बऱ्याचदा 'जरा सांभाळून घे' म्हणून परत पाठवतं, कारण त्यांना धाकटीचं लग्न करायचं असतं, लोकांना तोंड दाखवायचं असतं. मैत्रिणीला यातलं काहीच सांभाळायचं नसतं. लग्नाआधी ही मुलगी कशी हसायची, वर्गात कशी भांडायची हे तिला ठाऊक असतं. 'तू अशी नव्हतीस' हे वाक्य तीच बोलू शकते.

म्हणूनच मारणाऱ्याचा पहिला वार मैत्रिणींवर पडतो. 'ती तुझे कान भरते', 'घटस्फोटितेशी काय बोलतेस', इथून सुरुवात होते. कायद्याने ही गोष्ट ओळखलेली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली घटनेचा जो अहवाल भरला जातो, त्याच्या नमुन्यात शाब्दिक आणि भावनिक छळाच्या प्रकारांत 'विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणं' असा स्पष्ट उल्लेख आहे. अहवाल भरताना तो रकाना कोरा सोडू नका. याच कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा होते आहे असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे 'त्यांच्या घरातलं आहे, आपण कोण बोलणार?' याला कायद्याचं उत्तर आहे. आपण मैत्रीण आहोत, एवढं पुरतं.

आता सगळीकडे जुन्या वर्गांचे व्हॉट्सॲप गट झालेत, स्नेहमेळावे भरतात. माझ्याही बॅचचा गट आहे. आनंदाची गोष्ट आहे, पण गटात कोण नाही तेही बघायला हवं. अशा याद्या निघतात शेवटच्या वर्षाच्या निकालावरून आणि निरोपसमारंभाच्या फोटोवरून. दुसऱ्या वर्षाला स्थळ आलं म्हणून जिचं कॉलेज सुटलं, फी भरता आली नाही म्हणून जी गावी परतली, ती ना फोटोत, ना यादीत. वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकणारी, कॅन्टीनमध्ये कधी न बसलेली मुलगीही अनेकदा सुटते. जात आणि पैसा तेव्हा बाकांवर होता, तसाच आज गटात असतो. आणि ज्या येतात त्यांना पहिला प्रश्न येतो, 'मिस्टर काय करतात?' एकटी राहणारी, नवरा गेलेली, सोडलेली, मूल नसलेली, नोकरी सुटलेली बाई अशा भेटीला पुन्हा येत नाही. ज्या वयात मुलं मोठी होतात, आईवडील आजारी पडतात, आपलंच शरीर बदलतं, त्याच वयात ती पुन्हा एकटी पडते.

तेव्हा प्रत्येक गावातल्या गटाला काही कामं सुचवावीशी वाटतात. वर्गातून मध्येच गेलेल्या एका तरी मुलीचा शोध घ्या. भेटल्यावर नवऱ्याबद्दल नंतर, आधी तिच्याबद्दल विचारा. भेट महागड्या हॉटेलात ठेवू नका. बागेत, कुणाच्या अंगणात, डबा घेऊन भेटा, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असेल तिला उशीर होणार नाही अशी वेळ ठरवा. तिला हवं असेल तर तिच्या माहेरच्या नावानेच हाक मारा. एका मैत्रिणीचा नंबर फोनमध्ये ठेवून भागत नाही, फोन हिसकावला जातो. तो पाठ करा, तशीच १८१ ही महिला हेल्पलाइनही. आणि एक सावधगिरी. घर सोडून गेलेल्या मैत्रिणीचा पत्ता किंवा नंबर तिला विचारल्याशिवाय कुणालाही देऊ नका. विचारणारा कितीही रडवेला असो, जुना वर्गमित्र असो, की तिचा सख्खा भाऊ.

हळदीकुंकू, मंगळागौर, भिशी अशा निमित्तांनी बायका आजवर भेटत आल्या. त्यातली बरीच निमित्तं सवाष्णींची, नाहीतर नवऱ्याच्या गोतावळ्यातली. कॉलेजची मैत्रीण मात्र बाईने स्वतः निवडलेली असते. तिच्या आयुष्यातल्या फार थोड्या निवडींपैकी ती एक. ती टिकवायचा हक्कही आपल्या मागण्यांच्या यादीत असायला हवा.

तुमच्या गटाने कुणाला शोधलं, काय अडचणी आल्या, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळाच्या वतीने