मधला भाग अर्ध्यावर सोडू नका

पहिला भाग दोन रात्रींत फस्त करायचा, दुसरा पन्नासाव्या पानावर पालथा घालून ठेवायचा आणि शेवटी कोण जगलं ते मैत्रिणीला विचारून घ्यायचं, हा उद्योग आता पुरे. निदान शॅनन चक्रबर्ती यांच्या ‘देवाबाद’ त्रयीपुरता तरी.

‘द सिटी ऑफ ब्रास’ (२०१७) सगळ्यांना आवडतं. फ्रेंचांच्या अमलातल्या कैरोत लोकांना गंडवून पोट भरणारी नहरी उडत्या गालिच्यावरून जिन्नांच्या शहराकडे निघते. नवलाईच इतकी की पानं आपोआप उलटतात. ‘द किंगडम ऑफ कॉपर’ (२०१९) उघडावं तर ती ओसरलेली. मध्ये पाच वर्षं गेलीत. नहरी आता राजाच्या थोरल्या मुलाची बायको आहे, आणि ते लग्न कसलं, तहच तो. धाकटा अली हद्दपार होऊन वाळवंटातल्या एका गावाला पाणी शोधून देतोय. लढाई म्हणाल तर बराच वेळ नाही.

त्याऐवजी आहे एक पडकं रुग्णालय. नहरीला ते पुन्हा उभारायचंय, आणि तिथे शफितांनाही, म्हणजे जिन्न-माणूस मिश्र रक्ताच्या लोकांनाही, उपचार द्यायचेत. झालं! पैसा कुणाचा, परवानगी कुणाची, सुभाषिणी सेन ही शफित वैद्य नहरीच्या बरोबरीने बसणार की हाताखाली, यात अख्खं शहर ओढलं जातं. गंमत म्हणजे राजा घस्सानच्या पूर्वजांनी गादी मिळवली ती याच शफितांच्या नावाने बंड करून. आता त्यांनाच चिरडून ती टिकवायची वेळ आलीय. शतकातून एकदा येणारा नवसतेम उत्सव तोंडावर, आणि नहरीला या शहरात घेऊन आलेला योद्धा दारा शहराबाहेर, दुसऱ्या पक्षाच्या छावणीत. पहिल्या भागात कथा नहरी आणि अलीच्या नजरेतून होती. इथे दाराचीही बाजू उघडते. मग कुणाच्या बाजूने वाचायचं, हेच कळेनासं होतं. माझ्या मते त्रयीतला सगळ्यात कसदार भाग हाच.

कीर्तनात कृष्णशिष्टाई रंगली असताना ‘युद्ध कधी लागतं’ म्हणून कुणी उठून जातं का? मग इथेच का कंटाळता?

एवढं करा. सुरू करण्याआधी पहिल्या भागाची शेवटची दोन प्रकरणं पुन्हा चाळा. कोण कुठल्या जमातीचं, ते एका कागदावर लिहून तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. दरबारातले प्रसंग गाळू नका, दाराची प्रकरणं तर मुळीच नाही. सहाशे पानांच्या घरातलं पुस्तक आहे, महिना लागला तरी लागू द्या. तिसरा भाग २०२० सालीच आलाय, तो कुठे पळून जात नाही.