मणक्यात ‘गॅप’ आहे म्हणे!

आपल्याकडे कुणाचीही पाठ दुखू द्या, आठवड्याभरात घरात एकच वाक्य ऐकू येतं, "मणक्यात गॅप आहे म्हणे!" हा गॅप नक्की कुठे, किती मिलिमीटरचा, हे कुणीच विचारत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले, एरवी प्रत्येक गोष्टीचं रीडिंग मागतो. पण मामीच्या वेळी मीसुद्धा विचारलं नाही.

माझं आजोळ केम. करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर लाइनवरचं स्टेशन, कुंकवासाठी प्रसिद्ध. मामी तिथे कुंकवाच्या पुड्या भरायला जाते. दिवसभर जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून. मागच्या वर्षी तिची कंबर धरली. एका डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि रिपोर्ट बघून थेट ऑपरेशनच सांगितलं. मामा गाय विकायला निघाला. "आरं बाळा, गादी सरकलीया म्हणं. आता मला उठाया तरी यील का न्हाई?" मामी फोनवर रडत होती.

सोलापुरातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. मामीला झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, चवड्यावर आणि टाचेवर चालायला लावलं, कळ पायात उतरते का ते विचारलं. उतरत नव्हती. पायात ताकद होती. थोडे दिवस गोळ्या, व्यायाम आणि चालतं राहणं, एवढंच सांगितलं. दोन महिन्यांत मामी बरी झाली. गाय गोठ्यातच राहिली!

मग मी वाचायला लागलो. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गादीची झीज दिसली आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. म्हणजे आपल्या विंगमधल्या दहा पोरांचा एमआरआय काढला तर तीन-चार जणांना ‘गॅप’ निघेल, आणि ती पोरं तेव्हा खाली ग्राउंडवर क्रिकेट खेळत असतील.

बहुतेक कंबरदुखी अशीच असते, कुठल्या एका भागावर बोट ठेवता येत नाही अशी. ती हालचालीने बरी होते. दुसरी म्हणजे सायटिका. गादीचा फुगवटा नसेवर दाबतो आणि कळ पायात खाली जाते. तीसुद्धा बऱ्याच जणांची काही आठवड्यांत ओसरते, सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. गळ्यातल्या ताईतासारखा कमरेला पट्टा बांधणारे आणि ‘वजन लावून’ घेणारे आपल्याकडे खूप. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी हे दोन्ही उपाय सरसकट करू नका असं सांगितलंय. व्यायाम करा म्हटलंय. व्यायामाचं बिल होत नाही, म्हणून त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही की काय, कोण जाणे.

याचा अर्थ प्रत्येक दुखणं अंगावर काढा असा नाही हं. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जायला लागली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. तिथे एमआरआय हवाच. ताप आणि वजन कमी होणं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आणि हॉस्टेलवाल्यांनो, एक खास तुमच्यासाठी. तीन महिन्यांच्या वर कंबर दुखतेय, सकाळी अर्धा तास ताठ असते, हिंडलं की मोकळी होते आणि आराम केला की वाढते, असं असेल तर कॉटला शिव्या देणं बंद करा आणि संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार याच वयात सुरू होतो आणि वेळेत कळला तर चांगली औषधं आहेत.

आता मामीचं पुढचं. दिवाळीत गेलो तर पुन्हा कंबर धरलेली. कारण बैठक तीच! हिशेब सोपा आहे. कमरेवरचं शरीर 30 किलो धरा. वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य मणक्याच्या 20 सेंटीमीटर पुढे गेला आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे 5 सेंटीमीटरवर, तर त्यांना 120 किलोची ओढ धरून ठेवावी लागते. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स. ही ओढ तासन् तास. त्यावर गोळी काय करणार?

माझं स्पष्ट मत आहे की मामीचा अर्धा इलाज दवाखान्यात नाही, आपल्या वर्कशॉपमध्ये आहे. कोपराच्या उंचीचं टेबल, पाय टेकायला दांडी, पाठ टेकेल असं स्टूल. दर तासाला उठून दोन मिनिटं फिरणं, हे मालकाने मान्य करायला हवं. फायनल इयरला दरवर्षी तेच ते रोबोट होतात (माझ्या ग्रुपचाही तोच विषय होता, कबूल). यंदा मी सरांकडे हा विषय दिलाय. सर म्हणाले, आधी तिथे जाऊन मापं घेऊन या. मामीला विचारलं तर हसली. "टेबलावर बसून कुंकू भरायचं? साहेबीणच झाले की रं मी!" मग जरा थांबून म्हणाली, "शेजारच्या तिघींची पण मापं घे."

येत्या रविवारच्या पॅसेंजरने निघतोय. टेप आहे, ड्रॉइंग काढणारा एक जण हवा आहे.