ज्वालाचा गुन्हा कोणता होता?

बॅडमिंटन म्हटले की आपल्याकडे साईना आणि सिंधू ही दोन नावे पुढे येतात. दोघींनी ऑलिम्पिक पदके आणली, त्यांचा गौरव झालाच पाहिजे. पण महिला खेळाडूच्या हक्काचे काय, हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर एकेरीचे कोर्ट सोडून दुहेरीच्या कोर्टाकडे पाहावे लागते, आणि तेथून थेट दिल्ली उच्च न्यायालयाच्या कोर्टाकडे!

ज्वाला गुट्टा हिचा जन्म ७ सप्टेंबर १९८३ चा, आपल्या वर्धेचा. वडील तेलुगू, आई चिनी. वाढली हैदराबादला, एस. एम. आरिफ यांच्या तालमीत. श्रुती कुरियनसोबत तिने महिला दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद सलग सात वेळा जिंकले. पुढे जोडीला अश्विनी पोनप्पा आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दोघींनी सुवर्ण जिंकले. २०११ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांनी मिळवलेल्या पदकानंतर, तब्बल २८ वर्षांनी भारताला मिळालेले हे पहिले जागतिक पदक. ते दोन मुलींनी आणले, आणि तेही ज्या दुहेरीला येथे कोणी विचारत नव्हते त्या दुहेरीत.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तर दोन सामने जिंकूनही ही जोडी गटातूनच बाहेर पडली. तिन्ही जोड्यांचे दोन-दोन विजय, आणि गुणांच्या हिशेबात एका गुणाचा फरक. त्याच स्पर्धेत मुद्दाम हरल्याबद्दल इतर गटांतल्या चार जोड्या बाद झाल्या. जपानच्या जोडीने तैपेईकडून पत्करलेल्या पराभवाबद्दल भारताने केलेली तक्रार मात्र फेटाळली गेली.

खरा प्रकार घडला तो २०१३ साली. इंडियन बॅडमिंटन लीग सुरू झाली. ज्वाला आणि अश्विनी यांना 'आयकॉन' खेळाडू ठरवून ५० हजार डॉलर पायाभूत किंमत जाहीर करण्यात आली. मग स्पर्धेतून महिला दुहेरीच वगळली आणि तिच्या जागी पुरुष एकेरीचा दुसरा सामना घातला. मग काय, या दोघींची किंमत लिलावात एकदम निम्मी, २५ हजार! त्यांना विश्वासात न घेता. ज्वाला ३१ हजारांना गेली, अश्विनी २५ हजारांनाच. वाचकहो, मजुराला ठरलेली मजुरी ऐनवेळी निम्मी केली तर आपण त्याला काय म्हणतो? खेळाडूला मात्र म्हणायचे, मुकाट्याने खेळ. ज्वाला मुकाट्याने खेळणारी नव्हती. ती बोलली.

त्याच लीगमध्ये ऑगस्टमध्ये प्रतिस्पर्धी संघाने जखमी परदेशी खेळाडूऐवजी ऐनवेळी दुसरा उतरवला. ज्वालाच्या दिल्ली संघाने हरकत घेतली, सामना लांबला. हरकत संघाची होती, पण शिस्तभंगाचे बालंट आले एकट्या ज्वालावर, आणि शिफारस झाली ती आजीवन बंदीपर्यंतची! लाच घेतली नाही, उत्तेजक घेतले नाही, कोणाला मारले नाही. हरकत घेणे हा गुन्हा, आणि शिक्षा काय, तर आयुष्यभर रॅकेट हाती धरायचे नाही.

येथे कायद्याचा मुद्दा उभा राहतो. ज्या संघटनेच्या कारभारावर खेळाडू बोलते, तीच संघटना फिर्यादी, तीच चौकशी अधिकारी आणि तीच न्यायाधीश. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. अनुच्छेद १९ आपल्याला व्यवसायाचा मूलभूत हक्क देतो, आणि व्यावसायिक खेळाडूचा व्यवसाय खेळ हाच आहे. क्रीडा संघटना म्हणतात, आम्ही खाजगी संस्था. परंतु २००५ च्या झी टेलिफिल्म्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळ 'राज्य' नाही असे म्हणतानाच, अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार खुले ठेवले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्वालाने दिल्ली उच्च न्यायालय गाठले. निर्णय होईपर्यंत तिला स्पर्धांपासून रोखू नये, असा अंतरिम आदेश मिळाला.

त्या आदेशानंतरचा हिशेब पाहा. २०१४ मध्ये उबेर चषकात भारताला कांस्य मिळाले, त्या संघात ती होती. त्याच वर्षी ग्लासगोला अश्विनीसह रौप्य, २०१५ ला कॅनडा ओपनचे विजेतेपद, २०१६ ला रिओ ऑलिम्पिक. बंदी लागू झाली असती तर यातले काहीच झाले नसते. आणि आईच्या चिनी असण्यावरून तिला आजही समाजमाध्यमांवर ऐकून घ्यावे लागते. वर्धेत जन्मलेल्या, देशासाठी पदके आणणाऱ्या बाईला नाकाडोळ्यांवरून परकी ठरवणारे हे लोक कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरण आहे, कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडूंना जागा आहे. उशिरा का होईना, फिर्यादी आणि न्यायाधीश वेगळे झाले, हे चांगलेच. पण न्यायाधिकरणाच्या हाती असलेल्या वादांत दिवाणी न्यायालयाची वाट बंद केली आहे, आणि अपील आहे ते सर्वोच्च न्यायालयात. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संविधानाने दिलेला आहे, तो कायद्याने काढून घेता येत नाही, हे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने पक्के केले आहे. तरीही 'आधी न्यायाधिकरणात जा' असे म्हणून याचिका परत पाठवल्या जाण्याची शक्यता आहेच. ज्वालाकडे नाव होते, वकील होता, वर्तमानपत्रे तिचे म्हणणे छापत होती. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या, बापाच्या रोजंदारीवर शटल विकत घेणाऱ्या मुलीची निवड उद्या कोणी डावलली, तर अपिलासाठी दिल्लीला जाण्याचे भाडे तिला कोण देणार आहे?