टिकेल किती?

घरात कपाट, पंखा किंवा पलंग घ्यायचा झाला, की मध्यमवर्गीय कुटुंबात पूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जात असे : ‘टिकेल किती?’ दुकानदारही त्याचे उत्तर देत असे, आणि पुष्कळदा ते वर्षांत नव्हे, तर पिढ्यांत असे. आज दुकानात विचारले जाणारे प्रश्न निराळे आहेत. हप्ता किती बसेल, जुन्याच्या बदल्यात सूट किती मिळेल, घरपोच कधी येईल, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. वस्तू किती वर्षे चालेल हे विक्रेता सांगत नाही, उत्पादक छापीत नाही आणि ग्राहकही विचारीत नाही. भाजी घेतानादेखील चार दुकाने हिंडणाऱ्या समाजाने हजारो रुपयांच्या वस्तूच्या आयुष्याविषयी असे अज्ञान पत्करावे, ही किरकोळ गोष्ट नव्हे. वस्तूची खरी किंमत तिच्यावरील चिठ्ठीत नसते. त्या किमतीला वस्तूच्या आयुष्याच्या वर्षांनी भागल्यावर ती कळते. समजा, २४ हजार रुपयांचा फ्रीज ८ वर्षांत मोडीत निघाला, तर तो वर्षाला ३ हजार रुपयांना पडला. ३० हजारांचा फ्रीज १५ वर्षे चालला, तर तो वर्षाला २ हजारांनाच पडला. यातला स्वस्त कोणता, हे शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु त्यासाठी भाजक ठाऊक असावा लागतो. आज नेमका तोच दडवलेला आहे.

केंद्र सरकारने या प्रश्नाची दखल घेतलेली नाही असे नाही. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व वाहने यांच्याबरोबर घरगुती उपकरणेही तिच्या कक्षेत घातली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. पुढे मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याविषयी अहवाल दिला. मात्र त्याचा भर स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्यावर आहे. मोबाइलचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण संसाराचा गाडा अडतो तो फ्रीज, धुलाईयंत्र, गिझर किंवा मिक्सर बंद पडल्यावर, आणि महिनाअखेरीस हा खर्च उभा राहिला की नोकरदार घराचे सगळे अंदाजपत्रक कोलमडते. तेव्हा निर्देशांकाचा विचार मोबाइलपाशी थांबून चालणार नाही.

जुन्या वस्तू टिकत याचे सारे श्रेय सागवानाला किंवा जाड पत्र्याला देणे बरोबर होणार नाही. वस्तूचे आयुष्य त्या काळी केवळ कारखान्यात ठरत नसे. ते आळीच्या तोंडाशी बसलेल्या कारागिराच्याही हाती असे. तांब्यापितळेच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई होई. दबलेला कापूस पिंजारी पुन्हा पिंजून देई आणि तीच गादी नव्याने भरली जाई. वेताच्या खुर्चीची बैठक विणून मिळे, पलंगाची नवार आवळली जाई, गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावली की तो पुन्हा कामाचा होई. गोदरेजचे पोलादी कपाट १९२३ साली प्रथम बाजारात आले. आजीच्या लग्नातले असे कपाट रंगाचा एक हात देऊन नातीच्या घरात उभे असलेले आजही दिसते. या सर्व वस्तूंत एक समान सूत्र होते. झिजणारा भाग वेगळा काढता येई आणि तेवढाच बदलता येई. फोमची गादी दबली की ती पिंजता येत नाही, टाकूनच द्यावी लागते. फरक आहे तो एवढाच, पण तो मूलभूत आहे.

तथापि, ‘जुने ते सोने’ असा सरसकट निवाडा देणेही अन्यायाचे होईल. गोदरेजने १९५८ साली भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर काढला, तरी पुढे कित्येक वर्षे तो सामान्य कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या आवाक्याबाहेरच राहिला. आज तो चाळीतल्या दोन खोल्यांतही असतो, हे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे आणि स्पर्धेचे फळ आहे. शिवाय २०-२५ वर्षांचा जुना फ्रीज नव्यापेक्षा बरीच अधिक वीज खातो, आणि तो ‘अजून चालतो’ या अभिमानाची किंमत घरमालक दरमहा वीजबिलातून मोजत असतो. म्हणून वस्तू अमर असाव्यात अशी मागणी कोणी करणार नाही. मागणी इतकीच की, वस्तूचे आयुष्य किती हे घेणाऱ्याला आधी कळावे आणि ते एखाद्या क्षुल्लक भागापायी अकाली संपू नये.

सर्वसाधारण अनुभव असा, की नीट निगा राखल्यास छताचा पंखा १५-२० वर्षे सहज चालतो, फ्रीज १० ते १५ वर्षे, धुलाईयंत्र सुमारे १० वर्षे आणि गिझर ८ ते १२ वर्षे. परंतु हे आकडे म्हणजे काही विधिलिखित नव्हे. धुलाईयंत्राची मोटर चांगली असते, पत्रा चांगला असतो, पण बेअरिंग झिजते. ते बदलणे वास्तविक साधे काम. मात्र अनेक यंत्रांत पिंपाभोवतीची टाकी जोड न ठेवता कायमची सांधलेली असते; त्यामुळे बेअरिंगसाठी सगळी टाकीच बदलावी लागते, आणि तो खर्च ऐकून गिऱ्हाईक नवे यंत्र घ्यायला निघते. पंख्याचा वेग मंदावला तर बहुधा थोडक्या रुपयांत मिळणारा कपॅसिटर बदलून भागते. नवा बीएलडीसी पंखा जुन्याच्या ७०-७५ वॅटऐवजी ३०-३५ वॅटवर चालतो, ही बचत स्वागतार्हच आहे. परंतु त्याच्या पोटातला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड विजेच्या चढउताराने जळला आणि पाच वर्षांनी तो मिळेनासा झाला, तर वाचवलेली वीज नव्या पंख्याच्या खरेदीत जाते. एलईडी दिव्याचेही तेच. त्यातला प्रकाश देणारा भाग दीर्घकाळ टिकतो. उष्णतेने आधी निकामी होते ती त्याला वीज पुरवणारी छोटी जोडणी.

यात आपल्याकडच्या परिस्थितीची भर पडते. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या आत खपल्या धरतात. टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजत जाते आणि ती ठरावीक काळाने बदलायची असते, हे किती गिऱ्हाइकांना सांगितले जाते? कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातील पातळ पत्र्या लवकर खातात. ग्रामीण भागात विजेचा दाब कधी चढतो, कधी पडतो. पुण्यात १२ वर्षे चालणारे यंत्र तालुक्याच्या गावी ६ वर्षांत बसले, तर दोष वापरणाऱ्याचा मानला जातो. या हवापाण्याचा विचार करून यंत्र बनवले होते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

लाकडी सामानाची कथा वेगळी नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा व तुकडे डिंकात दाबून केलेला तक्ता. तो दिसायला सुबक असतो आणि कोरड्या जागी आपले काम करतोही. पण लादी पुसताना त्याच्या तळकडेला पाणी लागत राहिले की तो फुगतो, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की त्याच भोकात पुन्हा पकड घेत नाही. बदलीच्या नोकरीत हे सामान दोनदा सोडवले आणि जोडले की त्याचे आयुष्य सरले. सागवानी टेबलाची चूल सैल झाली तर सुतार पाचर ठोकून ती घट्ट करतो. चुऱ्याच्या तक्त्याला पाचरही धरत नाही. प्लायवूडच्या बाबतीत निदान मानक चिन्ह पाहता येते : साध्या वापरासाठी आयएस ३०३ आणि पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी आयएस ७१०. परंतु तयार कपाट घेणाऱ्याला वरचा चकचकीत थर काढून आतले चिन्ह कसे दिसणार?

हे सारे जाणूनबुजून घडते काय? इतिहासात तसे घडल्याचा निर्विवाद दाखला आहे. १९२४ साली जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले, आणि अधिक काळ जळणारे दिवे विकणाऱ्या सभासदांना दंड ठोठावला. १९५४ साली अमेरिकन आराखडाकार ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी तर नियोजित कालबाह्यतेचा उघड पुरस्कार केला. परंतु प्रत्येक बिघाडात कारस्थान शोधण्याचे कारण नाही. स्वस्त वस्तूची मागणी गिऱ्हाईकच करीत असते, आणि किंमत उतरवायची म्हणजे कोठेतरी पत्रा पातळ होतो, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम येते. गिऱ्हाइकाने स्वस्त वस्तू मागावी यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की, किमतीतील कपात त्याला दिसते आणि आयुष्यातील कपात दिसत नाही.

आणि हे आयुष्य कोणालाच ठाऊक नाही असेही नाही. कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीवर काम केलेल्या प्रत्येक लेखनिकाला घसारा ही काय चीज आहे हे माहीत असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत फर्निचरचे उपयुक्त आयुष्य साधारणपणे १० वर्षे, कार्यालयीन उपकरणांचे ५ वर्षे आणि संगणकाचे ३ वर्षे धरलेले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाने किती जुना माल पुनर्प्रक्रियेसाठी जमा करावा, हे वस्तूच्या सरासरी आयुष्यावरून ठरते. फ्रीजसाठी ते १० वर्षे आहे. म्हणजे हिशेबनिसाला वस्तूचे आयुष्य ठाऊक आहे, प्रदूषण मंडळाला ठाऊक आहे, उत्पादकाला तर आहेच. अंधारात ठेवला जातो तो पैसे मोजणारा एकटा.

‘दहा वर्षांची वॉरंटी’ हे या अंधारावरचे उत्तर नव्हे. मोठ्या अक्षरांतली ही दहा वर्षे बहुधा फक्त कॉम्प्रेसरची किंवा मोटरची असतात. संपूर्ण यंत्राची हमी पुष्कळदा एका वर्षाचीच असते; गॅस, मजुरी आणि सर्किट बोर्ड यांचे पैसे नंतर वेगळे पडतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला. या यादीत आयुष्य हा शब्द नाही. तो घालण्याची वेळ आता आली आहे.

हे अशक्य कोटीतले नाही. फ्रान्सने २०१५ साली मुद्दाम अल्पायुषी वस्तू बनवणे हा गुन्हा ठरवला, २०२१ पासून दुरुस्तीयोग्यतेचे गुण वस्तूवर छापायला लावले आणि २०२५ पासून दूरचित्रवाणी संच व धुलाईयंत्रांसाठी टिकाऊपणाचा निर्देशांक आणला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मार्च २०२१ पासून फ्रीजचे महत्त्वाचे सुटे भाग किमान ७ वर्षे आणि धुलाईयंत्राचे १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडेही पायंडा आहेच. २००६ साली ऊर्जा दक्षता ब्युरोने ताऱ्यांची चिठ्ठी सुरू केली, तेव्हा तिच्याकडे कोण पाहणार असे अनेकांना वाटले असेल. आज अल्पशिक्षित गृहिणीही तारे मोजून फ्रीज घेते. ती चिठ्ठी वर्षाला वीज किती लागेल ते सांगते. तिच्याच शेजारी आणखी तीन ओळी हव्यात : अपेक्षित आयुष्य किती, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि संपूर्ण यंत्राची हमी किती. एवढ्या तीन ओळींनी बाजाराची भाषा बदलेल.

याबरोबरच दुरुस्ती करणारा माणूसही टिकला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रशीतन आणि वातानुकूलनाचे तंत्रज्ञ दरवर्षी बाहेर पडतात. परंतु कंपनीची माहितीपुस्तिका आणि अस्सल सुटा भाग जर अधिकृत सेवाकेंद्राबाहेर मिळतच नसेल, तर त्या मुलाने शिकलेल्या कसबाचे करायचे काय? नोंदणीकृत सेवाकेंद्रातील दुरुस्तीवर १८ टक्के कर आणि नव्या वस्तूवरही १८ टक्केच, ही समानता दुरुस्तीला अनुकूल नाही. स्वीडनने २०१७ साली सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर निम्म्यावर आणला होता. आपल्याकडे तशा प्रयोगाचा विचार व्हायला हरकत नसावी.

ग्राहकांच्या संघटित शक्तीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर ११ वर्षांनी, १९८६ मध्ये आला. कायदा नेहमी जागृतीच्या मागून येतो, हाच त्याचा अर्थ. आयुष्याची ओळ चिठ्ठीवर येण्यासाठीही आधी दुकानात तो प्रश्न पुन्हा विचारला गेला पाहिजे. हप्त्याची चौकशी करण्यापूर्वी विक्रेत्याला सुट्या भागांविषयी विचारावे, बिल आणि हमीपत्र जपावे, गिझरची कांडी आणि फ्रीजच्या दाराचे रबर वेळीच बदलावे. वस्तूचा शेवटचा हप्ता फिटण्यापूर्वीच ती मोडीत निघावी, ही कोणत्याही कष्टाळू घराची चेष्टा आहे. ती थांबवण्यासाठी फार मोठी क्रांती नको. ‘टिकेल किती?’ हा जुना प्रश्न ग्राहकाने न संकोचता विचारावा, आणि त्याचे उत्तर लेखी देण्याचे बंधन सरकारने उत्पादकावर घालावे, एवढे पुरे आहे.