नोकरी, वर्दी आणि घरचा मशविरा

नोकरी न सोडता फौजेत जायचं, असं घरातला तरुण म्हणाला की अम्मीचा पहिला सवाल ठरलेला: "बेटा, दोन्ही कसं जमणार?" सवाल रास्त आहे. जवाब मात्र घाईने देऊ नये.

अशी सोय आपल्या देशात आहे. तिचं नाव प्रादेशिक सेना. बोलण्यात आपण टेरिटोरियल आर्मी म्हणतो. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिच्या पलटणी आहेत. कपिल देव, धोनी यांना मानद हुद्दे मिळाले. सचिन पायलट मात्र २०१२ मध्ये रीतसर निवड होऊन अधिकारी झाले. अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःची कमाई लागते. म्हणजे पोटापाण्याचा धंदा आधी, वर्दी नंतर. कायमची नोकरी समजून इथे जाणाऱ्याची निराशा होते, कारण पगार मिळतो तो प्रशिक्षणाच्या आणि सेवेवर बोलावलेल्या दिवसांचाच.

आता दिवसांचा हिशेब. पायदळाच्या अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत आणखी तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. बेरीज केली तर दोन वर्षांत आठ महिने घराबाहेर. शिवाय गरज पडली तर बोलावणं येतं. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ते आलं. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने लष्करप्रमुखांना तसे अधिकार पुन्हा दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ पलटणी सेवेवर आणण्याची तरतूद केली. म्हणून "महिनाभराची हौस" असं कुणी सांगितलं तर मानू नका.

नोकरीचं काय? सेवेवर बोलावलेल्या माणसाला परतल्यावर कामावर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, तेही सेवेत खंड पडला नसता तर ज्या शर्ती असत्या त्याहून कमी नसलेल्या शर्तींवर. प्रॉव्हिडंट फंडाचे हक्क जपण्याची तरतूदही कायद्यात आहे. मात्र जोगेश्वरीत गॅरेज चालवणाऱ्याला किंवा घाटकोपरला दुकान असणाऱ्याला परत घेणार कोण? तो स्वतःच मालक. दोन महिने शटर बंद राहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, आणि त्याला परत आणणारा कायदा नाही.

घराचंही तसंच आहे. अब्बांना डायलिसिसला नेणं, मुलांची फी, पहाटेचं पाणी भरणं, बँकेचा हप्ता, हे सगळं त्या काळात बहुधा बायकोच्या अंगावर येतं. कायदा खुर्ची राखून ठेवतो, घरचं ओझं उचलत नाही. ते ज्यांना उचलायचं आहे त्यांचा होकार अर्ज भरण्याआधी घ्यावा. सगळं ठरल्यावर कळवणं म्हणजे मशविरा नव्हे.

बसून चार गोष्टी ठरवा. हप्ता आणि भाडं कुठून जाईल? बँकेच्या खात्यावर बायकोचंही नाव आहे का? अम्मी-अब्बांच्या दवाखान्याची जबाबदारी कोणत्या भावाची? रजा आणि पगाराबद्दल कंपनीने काय लेखी दिलं आहे? रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. एखादी ईद शिबिरात जाईल, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.

या चारांची उत्तरं मिळाली तर मुलाला खुशीने पाठवा. देशाच्या कामी येणं ही इज्जतीची गोष्ट आहे. उत्तरं मिळाली नाहीत तर वर्षभर थांबा. वयाची मुदत ४२ पर्यंत आहे. घर सावरायला तेवढा वेळ पुरतो.