उपरा पुढारी आणि विटलेला मतदार

लोक आपल्या नेहमीच्या पक्षास विटले आहेत, तेव्हा बाहेरून एखादा दमदार पुढारी आणून उभा करावा, म्हणजे विटलेली मते आपोआप त्याच्या पदरात पडतील, हा सिद्धान्त अलीकडे पुण्यात इतका रूढ झाला आहे की त्यास काही पुरावा लागतो, हेच लोक विसरून गेले आहेत. ह्या सिद्धान्ताचे पाईक दोन्ही छावण्यांत आहेत. एक म्हणतो, कसब्याचा गड 2023 साली दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाने सर केला. दुसरा म्हणतो, कोथरूडकरांनी 2019 साली कोल्हापूरचा पुढारी डोक्यावर घेतला. उलट टोकास बसलेले काही गृहस्थ 'उपरा तो उपराच' असे म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते हे तिघेही मते मोजतात, मतदार मोजीत नाहीत.

आमची बुधवार पेठ ज्या कसबा मतदारसंघात मोडते तेथूनच आरंभ करू. 1995 पासून 2019 पर्यंत येथे गिरीश बापट लागोपाठ निवडून येत गेले. ते लोकसभेत गेल्यावर 2019 साली मुक्ता टिळक आमदार झाल्या आणि डिसेंबर 2022 मध्ये त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाने टिळकांच्या घरात उमेदवारी न देता हेमंत रासने यांस दिली. त्यामुळे त्या पक्षाच्या पिढीजात मतदारांपैकी एक वर्ग रुसला, हे त्या वेळी उघडउघड बोलले जात होते. समोर काँग्रेसतर्फे रवींद्र धंगेकर उभे होते. माणूस पेठेतलाच, परंतु शिवसेना, मनसे आणि काँग्रेस अशी तीन घरे फिरून आलेला, म्हणजे पक्षाच्या दृष्टीने उपराच. 2 मार्च 2023 रोजी निकाल लागला आणि सुमारे 11 हजार मतांनी धंगेकर विजयी झाले. 'विटलेला मतदार वळला' अशी एकच हाकाटी झाली.

तो खरोखर वळला होता काय? आकडे रुक्ष असतात खरे, परंतु ज्यांस ते रुक्ष वाटतात त्यांनी निवडणुकीवर बोलण्याचा नाद सोडावा हे बरे. 2019 साली मुक्ता टिळकांस सुमारे 75 हजार मते पडली होती. काँग्रेसचा उमेदवार 47 हजारांच्या आसपास राहिला आणि शिवसेनेचा बंडखोर व मनसे ह्या दोघांनी मिळून 22 हजारांच्या घरात मते नेली. म्हणजे विरोधाची एकूण बेरीज 70 हजारांच्या जवळ तेव्हाही होतीच. ती फक्त तीन टोपल्यांत विखुरली होती. 2023 साली ती एका टोपलीत आली आणि धंगेकरांस सुमारे 73 हजार मते मिळाली. रासन्यांस मिळाली सुमारे 62 हजार. भाजपची जी 13 हजार मते घटली ती गेली कोठे? धंगेकरांकडे गेली असती तर त्यांचा आकडा 80 हजारांपलीकडे जावयास हवा होता. मतदान अवघे 50 टक्क्यांच्या आसपास झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर शोधावयास लांब जावे लागत नाही. रुसलेला मतदार बहुतांशी घरीच बसला.

ह्याचा पडताळा नोव्हेंबर 2024 मध्ये आला. तेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर उभे राहिले. धंगेकरांस 70 हजारांवर मते पडली, म्हणजे त्यांच्या पदरचे फारसे काही गेले नाही. आणि रासने 62 हजारांवरून एकदम 90 हजारांवर पोचले. ही वाढ धंगेकरांच्या खिशातून आली नाही. ती त्या बंद दारांमागून आली. कोणी म्हणेल की बेरजेवरून माणसामाणसाचे मन कळत नाही. काही इकडचे तिकडे गेले असतील, काही तिकडचे इकडे आले असतील, शिवाय 2024 ची लाटच निराळी होती. हे आम्हांस मान्य आहे. परंतु उपऱ्या पुढाऱ्याने विटलेल्यांची मने जिंकली असा ज्यांचा दावा आहे, पुरावा देण्याचा भार त्यांच्यावर आहे. आणि ह्या दोन निवडणुकांच्या आकड्यांत तो पुरावा आम्हांस तरी कोठे दिसत नाही.

आता कोथरूडकडे वळू. तेथे मेधा कुलकर्णी 2014 साली 64 हजारांवर मताधिक्याने निवडून आल्या होत्या. 2019 साली त्यांस बाजूस सारून भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांस उभे करण्यात आले. पाटील अगदीच परके नव्हते. पुणे विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून ते विधान परिषदेवर दोनदा निवडून आले होते. तरी 'बाहेरचा उमेदवार' ही ओरड झालीच. ते निवडून आले, पण मताधिक्य 25 हजारांवर उतरले. पक्षाचा एवढा मोठा पुढारी, पक्षाचा एवढा बळकट गड, आणि तरी पूर्वीच्या भांडवलाच्या निम्म्याहून अधिक गेले! ह्यास मने जिंकणे म्हणत असतील तर म्हणोत बापडे. 2024 साली मात्र त्याच पाटलांचे मताधिक्य 1 लाखाच्या पलीकडे गेले. मधल्या पाच वर्षांत ते मंत्री झाले, काही काळ पुण्याचे पालकमंत्री झाले, आणि मुख्य म्हणजे कोथरूड सोडून दुसरीकडे गेले नाहीत. ह्याच पाटलांनी 2023 च्या प्रचारात 'हू इज धंगेकर' असा सवाल केला होता आणि कसब्याने त्याचे उत्तर मतपेटीतून दिले, हे पुणेकर अद्याप विसरलेले नाहीत. बाहेरून आलेल्याने आतल्यास 'तू कोण' म्हणून विचारावे, हा विनोद पेठांस रुचण्यासारखा नव्हताच.

तर मग उपरा निवडून येऊ शकतो, ह्यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा: तो विटलेल्या माणसाचा होतो कधी? ह्याचे उत्तर पुण्याच्या चार पेठांत शोधू गेल्यास सापडणार नाही. त्यासाठी थोडे मागे आणि थोडे दूर जावे लागेल. मधू दंडवते अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक. नाथ पै यांच्या मृत्यूनंतर 1971 साली, सर्वत्र इंदिरा गांधींचा जोर असता, राजापूरने त्यांस निवडून दिले, आणि त्यानंतर 1989 पर्यंत आणखी चार वेळा दिले. कोकणचा माणूस घाटावरच्यास सहसा आपला म्हणत नाही. त्यांस म्हटले. त्याचे कारण त्यांचे वक्तृत्व नव्हे (अध्यापकांच्या वक्तृत्वाचा महिमा आम्ही अध्यापकच अंमळ अधिक मानतो). कोकणच्या रेल्वेचे गाऱ्हाणे त्यांनी आपलेसे केले, हे आहे. 1991 साली त्याच राजापूरने त्यांस घरी पाठविले. 1998 साली रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते तेथील खासदारही नव्हते. पण कोकणात रेल्वेचा विषय निघाला की त्यांचे नाव निघतेच.

मधू लिमये ह्यांची गोष्ट तर आमच्या मुद्द्यास अधिकच जवळची. जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसनचे, आणि निवडून आले ते बिहारमधल्या मुंगेरातून, 1964 आणि 1967 साली. भाषा परकी, जात परकी, प्रांत परका. 1971 साली मुंगेरने त्यांस पाडले. ह्या ठिकाणी दुसरा कोणी असता तर 'तुमच्या मातीचा नाही म्हणून पाडलेत' असे म्हणून डेक्कनवर परतला असता. लिमये बिहारातच लढत राहिले आणि 1973 च्या पोटनिवडणुकीत बांका येथून पुन्हा लोकसभेत गेले. 1977 सालीही तेथूनच गेले. उपरेपण किती उरले आणि किती झडले ह्याची परीक्षा विजयाच्या मिरवणुकीत होत नसते. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी माणूस कोठे असतो, ते पाहावे लागते.

ह्याच कसोटीस आमचे कसबा लावून पाहा. 2024 साली धंगेकर प्रथम लोकसभेस मुरलीधर मोहोळ यांच्याकडून सव्वा लाखाच्या आसपास मतांनी आणि मग विधानसभेस रासन्यांकडून हरले. मार्च 2025 मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध त्यांनी 73 हजार मते गोळा केली, त्याच पक्षाच्या सत्तेतील भागीदाराच्या घरात. घर पेठेतच राहिले, पण मते ज्यांनी दिली त्यांचे काय? त्या 73 हजारांत काही थोडे तरी असे असणारच, की ज्यांनी आयुष्यात प्रथमच आपल्या वडिलोपार्जित चिन्हास पाठ दाखविली होती. त्यांस हे कोणी विचारून केले? पक्ष बदलणे हा गुन्हा नव्हे, आणि हे एकट्या धंगेकरांनीच केले असेही नव्हे. महाराष्ट्रात 2022 नंतर तो राजमार्गच झाला आहे. परंतु एकदा धीर करून बाहेर पडलेल्या मतदारास असा अनुभव आला म्हणजे पुढच्या खेपेस तो जुन्या घरी परततो किंवा कोठेच जात नाही. आमचा राग आहे तो येथे.

आणि 'उपरा तो उपराच' म्हणणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या पेठेचे मूळ नाव औरंगजेबाच्या काळचे मुहियाबाद होते, त्या पेठेत अस्सल कोण आणि उपरा कोण हे ठरविणार कोण? अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेते, पासोड्या विठोबाकडील विजेच्या सामानाचे व्यापारी, दगडूशेठच्या दारचे हारवाले, ह्यांतील कितीजणांचे आजे येथे जन्मले? आणि ज्यांचा उल्लेख सभ्य लेखांतून टाळला जातो त्या ह्या पेठेतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया तर कर्नाटकातून, बंगालमधून, कोठून कोठून आणल्या गेलेल्या. त्यांस शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयास डिसेंबर 2021 मध्ये राज्य सरकारांस फर्मावावे लागले. स्वातंत्र्यास तोवर चौऱ्याहत्तर वर्षे होऊन गेली होती. मतदारच जेथे उपरा ठरतो तेथे पुढाऱ्याचे कूळ शोधीत बसणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

ह्या पेठांतील माणूस विटला आहे तो कशास? शनिवारवाड्यापासून 100 मीटरांच्या आत नवे बांधकाम करण्यास कायद्याची बंदी. आतले वाडे खचत चाललेले, मालक दुरुस्ती करीत नाही आणि भाडेकरू सोडीत नाही. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्ष हा प्रश्न सोडविण्याचे वचन देतो. जोतीराव फुल्यांनी 1848 साली जेथे मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडझडीत उभा राहिला. स्मारकाची जागा मोकळी झाली ती डिसेंबर 2023 मध्ये, आणि तीही न्यायालयाच्या निकालाने. महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि 2025 साल सरेपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाने हाकला. गटार तुंबले तर नाव घेऊन ज्यास शिव्या द्याव्यात असा माणूसच तोवर प्रभागात उरला नव्हता! अशा मतदारापुढे कोल्हापूरचा आणा की कसब्याचा आणा, भाषण ऐकून तो टाळी देईल. मताचे तो मागाहून पाहील.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर पक्षाचे प्रतिनिधी यादी घेऊन बसतात आणि जो येऊन गेला त्याच्या नावापुढे खूण करीत जातात. दुपार टळली म्हणजे उरलेल्या नावांपैकी 'आपली' तेवढी हुडकून माणसे पिटाळली जातात. संध्याकाळी ती यादी घडी घालून कोठेतरी पडते. 2023 साली कसब्यात त्या यादीवर निम्मी नावे कोरी राहिली होती. निकालानंतर ती कोरी नावे घेऊन कोणत्याही पक्षाचा, आतला वा बाहेरचा, पुढारी बुधवार पेठेतल्या एखाद्या जिन्याने वर चढला आणि 'आपण का आला नाहीत' म्हणून त्याने विचारले, असे आमच्या ऐकिवात नाही.